दोन पेट्यांच्या मधली बकुळामावशी

काल्हेरच्या गोदामांमागे खोलीएवढ्या दोन लोखंडी पेट्या उभ्या आहेत. एकीत बॅटऱ्या. छपरावरच्या सोलरची वीज त्या दिवसभर पोटात साठवतात आणि संध्याकाळी भिवंडीतले लूम नि घरातले दिवे एकदम वीज ओढू लागले की परत देतात. दुसरीत ती वीज लाइनवर चढवणारं यंत्र. पेट्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या, आणि कंपन्यांचा तोरा असा, की एकीची भाषा दुसरीला कळता कामा नये. कंट्रोल रूमला तर दोघींचीही कळेना. एवढ्या शिकलेल्या यंत्रांचा अबोला निस्तरायला शेवटी एक बाई बसवावी लागली. ती अंजूरची बकुळामावशी.

मावशीचा नवरा दत्तू वारला, लेक प्रियंका नाशिकला नांदते. घरी गेलं की बोलायला फक्त टीव्ही, आणि तो काही कुणाचं ऐकून घेत नाही. मावशीचं खरं बोलणं व्हायचं ते पेट्यांच्या मध्ये खुर्ची टाकून. कंट्रोल रूममधून भावनाचा फोन यायचा.

"मावशी, किती भरलीय?"

"बहात्तर टक्के हाय."

"गरम नाही ना?"

"न्हाय गं."

"मग संध्याकाळी सांगते तेव्हा सोडा. आणि आज डब्यात काय?"

डब्याचं सांगताना मावशी मोकळी व्हायची. भावनाला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण जवळा म्हटलं की तिच्या तोंडाला पाणी सुटतं, हे मावशीला पाठ होतं.

मग कुमार नावाचा इंजिनीयर पेट्यांवर यंत्राचा एक लहानसा डबा बसवायला आला.

"आता सगळ्यांनी एकच भाषा मान्य केलीय, मावशी. ती कुणा एकाच्या मालकीची नाही. कुठल्याही कंपनीची पेटी थेट कंट्रोल रूमशी बोलणार."

"आनि मी?"

"तुम्ही आहातच की! देखरेख, साफसफाई. पगार तोच. फोनची कटकट तेवढी गेली."

कटकट म्हणे! पण पोराला मनापासून आनंद झाला होता, त्यामुळे त्याच्यावर धड चिडताही येत नाही.

थोडे दिवस दोन्ही चालू ठेवायचं ठरलं. यंत्राचा आकडा आणि मावशीचा आकडा जुळला की फोन बंद. मावशीने त्यातून एवढंच उचललं, की जुळला नाही तर फोन राहील. आयुष्यात कधी खोटा आकडा न सांगितलेली ही बाई त्या दुपारी म्हणाली, "साठ."

"मावशी, इथे बहात्तर दिसतंय. चष्मा लावलाय ना?"

"लावलाय. साठच हाय."

दुसऱ्या दिवशीही तेच. आकडे जुळेनात म्हणून कुमार येऊन पेटीच्या पडद्यावरचा आकडा बघून गेला. मावशीला वाटलं, जमलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. "मावशी, मी साहेबांना सांगितलं, मावशींचे डोळे थकलेत आता, उगीच त्रास नको. नवीन डब्याचं बरोबर येतंय. उद्यापासून फोन नाही. आराम करा हं!"

भावनाच्या आवाजात माया होती, आणि ती खरी होती. तिच्यापुढे मावशी कशी म्हणणार, की डोळे धड आहेत, मी खोटं बोलले? तिला रडूच येत होतं. ती म्हणाली, "बरं, पोरी." गडबडीत भावना डब्याचं विचारायला विसरली.

आता पेट्या छान बोलतात. किती भरली, किती तापली, सगळं आपोआप भावनाच्या पडद्यावर जातं, आणि संध्याकाळी वीज कुणी न सांगता लाइनवर चढते. मावशी पेट्यांवरची धूळ पुसते.

काल तिने जवळा केला होता. दुपारी डबा उघडून ती फोनकडे बघत बसली. मग तसाच झाकून ठेवला.