गिरणीला नोटीस आली होती

मी चौथीपर्यंत शिकलो. पुढची अक्कल पिठाच्या गिरणीत आली. मंगळवार पेठेत घर, पुढच्या खोलीत गिरणी, मागं आम्ही दोघं नवराबायको. मूलबाळ नाही.

गल्लीत केबल नुकती आली होती, तेव्हा शेजाऱ्यानं अर्ज केला, गिरणीचा आवाज होतो म्हणून. कचेरीतून नोटीस आली: दुपारी एक ते चार गिरणी बंद, मोटरीखाली रबर घाला. मी शिव्या घातल्या, पण रबर घातलं आणि दुपारचं दळणही थांबवलं. खोटं कशाला बोलू, शेजाऱ्याचं बरोबर होतं. त्याची आई अंथरुणावर होती.

पुढं माझीच बायको अंथरुणाला लागली. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात तेवढा चालायचा. तिच्या उशाशी मी पितळेची वाटी आणि चमचा ठेवला. टण केलं की मी हजर. गिरणी चालू असली, पट्टा फडफडत असला, तरी ती वाटी मला ऐकू यायची. दळणात जन्म काढलेल्या माणसाला कुठला आवाज गिरणीचा आणि कुठला नाही, ते बरोबर कळतं.

दुपारी ती मालिका बघायची. मालिकेतल्या बायका पुटपुटत रडणार. म्हणून आवाज वाढवावा, तर लगेच जाहिरात यायची आणि साबणवाला असा बोंबलायचा की ही दचकून आखडायची. आमच्या सेटला रिमोट नव्हता, दरवेळी उठून बटण पिळायचं. मला वाटलं, सेट बिघडला. रिक्षात घालून मेकॅनिककडं नेला. त्यानं मागचं झाकणसुद्धा काढलं नाही.

"मामा, सेट ठणठणीत हाय. जाहिरातवालेच आवाज चढवून धाडत्यात."

"कशापायी?"

"तुमी मोरीत गेलासा तरी तितं ऐकू याय पायजे म्हणून."

"आन सरकार काय करतंय?"

"सरकारनं काय तुमच्या घरात यिऊन बटण पिळायचं व्हय?"

"माझ्या गिरणीत आलंच की ते, रबर घेऊन."

दुकानातली माणसं हसली. मी सेट पुन्हा रिक्षात घातला.

त्यानंतर महिनाभरानं एका दुपारी गिरणी बंद होती, मालिका लागली होती. ऐकू येत नाही, असं तिनं डोळ्यांनी खुणावलं. आवाज मीच वाढवला, ते मी झाकत नाही. मग आत जाऊन स्टोव्हवर तिची पेज ठेवली. मागं जाहिराती सुरू झाल्या. गाणं, टाळ्या, आणि एक बाप्या ओरडून सांगतोय की पांढरं कापड आणखी पांढरं होतं. मी पेज ढवळत त्याच्या सात पिढ्या काढत होतो. पेज घेऊन बाहेर आलो, तर वाटी फरशीवर पालथी, चमचा तिच्या मुठीत आणि ती गेलेली. किती वेळ वाजवत होती, पाणी पाहिजे होतं का मी पाहिजे होतो, आता कोण सांगणार. तो बाप्या अजून ओरडतच होता.

डॉक्टर म्हणाले, तुम्ही ऐकलं असतं तरी त्या वाचल्या नसत्या. नसती वाचली. पण मी जवळ असतो की.

तिच्या दिवसकार्याला आलेला एक शिकलेला पावणा मला शहाणपण सांगायला लागला. जाहिरातींवरच चॅनेल चालतात, सरकारनं त्यात पडू नये, नको असेल त्यानं बंद करावं. मी म्हटलं, "पावणं, च्या प्या आन उठा."

बंद करा म्हणे. लुळ्या बाईनं उठून बंद करायचं होतं? मालिकेचा आवाज मी ठरवला होता. जाहिरातीचा मला कुणी विचारला होता?

नोटिशीचा कागद अजून ट्रंकेत आहे. एका म्हातारीची झोप मोडते म्हणून माझ्या गिरणीला कायदा, आणि हे घराघरात शिरून बोंबलणारे मोकाट. सरकारनं यांचा आवाज दाबलाच पाहिजे, यात दुसरं बोलणं नाही. किती दाबायचा हे ठरवायला साहेबांच्या बैठका नकोत. जाहिरात चालू असताना पलीकडच्या खोलीत वाटी वाजली, तर ती ऐकू आली पाहिजे, एवढंच.

मापाला वाटी मी देतो. चमचा देणार नाही.