लष्करासाठी सुकेळी

निर्मळ गावच्या इग्नेशियस रुमावचं अर्धं आयुष्य मुंबईतल्या एका लष्करी खरेदी कचेरीत बुटांच्या नाड्या, तंबूच्या खुंट्या आणि पत्र्याचे मग यांच्या सौद्यांत गेलं होतं. अठ्ठ्याहत्तर साली बर्फातल्या जवानांसाठी गोड आणि टिकाऊ खाण्याची मागणी आली, तेव्हा त्याच्या तोंडून निघून गेलं, "साहेब, आमच्याकडे सुकेळी असतात."

उन्हात वाळवलेली ती राजेळी केळी साहेबांनी चाखली, आणखी दोन खिशात टाकली आणि इग्नेशियसला तिथल्या तिथे प्रकल्प अधिकारी करून टाकलं.

सुकेळी करण्यात त्याच्या रेजिना मावशीचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं. लष्कराचं काम म्हणून तिने वाडीत राजेळीची नवी रोपंही लावली. मग दिल्लीहून मेजर सूद तपासणीला आले. त्यांनी सुकेळं चौकोनी डब्यात ठेवून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रुमाव, ये टेढा क्यों है?"

"सरळ हवं?" मावशी उसळली. "सांग त्यांना, उद्यापासून इस्तरी घेऊन केळीखाली बसते!"

इग्नेशियसने भाषांतर केलं, "मावशी म्हणतात, प्रयत्न करू."

वर्षभर पत्रापत्री होऊन सुकेळ्याचा बाक मंजूर झाला. पुढची चाचणी होती सुकेळ्यांची, आतून बुचाचं अस्तर लावलेली पेटी विमानातून टाकण्याची. विमान मिळेना, म्हणून चर्चचा मनोरा ठरला. फादर म्हणाले, "मिस्सा आटपली की टाका. फक्त घंटेला लागू देऊ नका."

सगळा गाव जमला. दोन जवानांनी वरून पेटी ढकलली. ती कौलांवर आपटली, उसळली आणि थेट मागच्या बावखलात, गोड्या पाण्याच्या तळ्यात जाऊन पडली. लोक हळहळले. इतक्यात ती वर आली आणि बदकांमध्ये डुलू लागली.

"अरे, ये तो तैरता है!" मेजर ओरडले.

तिथेच घात झाला. पेटी तरंगते म्हटल्यावर नौदल बैठकीला येऊन बसलं. बुडणाऱ्या माणसाला ती धरता यावी, असं ठरलं. दर बैठकीत आतलं बुचाचं अस्तर जाड होत गेलं, सुकेळी कमी होत गेली. शेवटी एका अधिकाऱ्याने सुचवलं, की सुकेळ्यांचं वजन उगाच होतंय.

इग्नेशियस चाचरत म्हणाला, "पण साहेब, मग आत काय राहणार?"

"काही नाही. म्हणून तर ती तरंगेल!"

पेटी मंजूर झाली. इग्नेशियसला बढती मिळाली. घरी फ्लॉसीने, त्याच्या बायकोने, गोडाचं केलं, पण त्याने वाटी बाजूला सारली. मावशीला सांगायलाच त्याने आठवडा लावला.

मावशीने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बर्फातली पोरं काय खातात रे?"

"बिस्किटं."

ती उठली. शेजारचा मायकल फौजेत होता, सुट्टी संपवून लेहला निघाला होता. त्याच्या ट्रंकेतले कपडे उपसून तिने सुकेळी कोंबली. मंजुरी नाही, चाचणी नाही, मोहोर नाही. इग्नेशियस दारात नुसता उभा राहिला.

महिन्याने मायकलचं पत्र आलं. इग्नेशियसने मोठ्याने वाचलं: सुकेळी सुखरूप पोचली, पण लंगरच्या, म्हणजे फौजी भटारखान्याच्या, आचाऱ्याला ती कसलीशी सुकी भाजी वाटली. त्याने कांदा-मिरची घालून फोडणीला टाकली. पलटणीने ताटं चाटली. आणखी पाठवा.

"फोडणीला?" मावशी किंचाळली. "माझी सुकेळी?"

इग्नेशियस हसायला लागला तो थांबेचना. फ्लॉसी पाणी घेऊन धावत आली, तरी तो हसतच होता.