नीळू कोण

आईला लकवा मारला तेव्हा तिचा उजवा हात गेला, पाय गेला आणि मराठीही गेली. तिचं माहेर देगलूरच्या पलीकडं, तेलंगणात. लग्न होऊन मुखेडला आली तेव्हापासून घरात मराठीच. आजारानंतर मात्र लहानपणचे चार-दोन तेलुगू शब्द तेवढे तिच्या तोंडात उरले. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. त्यांना काय, सांगून मोकळे.

मी नांदेडला शाळेत शिकवते. तिथं घरात आम्ही दोघीच. तिची कूस बदलायला दोन माणसं लागायची आणि दिवसा मदतीला ठेवलेली बाई सणाला गेली ती परत आलीच नाही. आईच्या पाठीला जखम झाली तसा माझा धीर सुटला, आणि तिला कुठं ठेवता येईल ते बघायला मी निघाले. मी फटकळ बाई, वर्गातली पोरं मला टरकतात. पण त्या दिवसांत मीच टरकले होते.

नांदेडातलं पहिलं सेंटर चकाचक होतं. मालक गोड बोलणारा. महिन्याचे पैसे एक, मग औषधं वेगळी, मालिश वेगळी, डायपर वेगळे. "डायपरचं टेन्शन घेऊ नका ताई," तो म्हणाला, "आपल्याकडं लई लागत न्हाईत." मी विचारलं, ते कसं काय? "पाणी बेतानंच देतो ना आपण." हे तो कौतुकानं सांगून राहिला होता. माझी आई पाणी मागणार आणि हा माणूस माझेच पैसे वाचवणार. समोरचा चहा तसाच ठेवून मी उठले.

मग मावसबहिणीनं लातूरची एक जागा सुचवली. बसकं जुनं घर, फिनेलचा वास, पण गाद्या कोरड्या. मी एकेका चादरीखाली हात घालून पाहिलं. मालकीणबाईंना राग आला असेल, तर येऊ दे. त्यांनी कूस बदलण्यापासून डायपरपर्यंत सगळं धरून एकच खर्च सांगितला. मला जरा हायसं वाटलं, तोच कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी बोलली, "नीळू... नीळू..."

"पोराला हाका मारून राहिली," तिथं म्हाताऱ्यांचं करणारी मावशी म्हणाली. "नीळू म्हणून पोरगा असंल तिचा. फिरकत न्हाई मेला. मी आपली म्हणते, येईल गं नीळू, येईल."

ती तेलुगूत बोलत होती. नीळ्ळू म्हणजे पाणी. आजोळी लहानपणी मीच दिवसभर मागायची. मी तांब्यातलं पाणी चमच्यानं तिच्या ओठांना लावलं. तिनं दातांत चमचा धरला तो सोडेचना.

मावशी मटकन खाली बसली. जेवणावर ती पाणी देत होतीच, मधली तहान तिला कळलीच नव्हती. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं, नांदेडसारखी उठून आले असते. पण ही मायेची होती. मायेच्या माणसाजवळसुद्धा माझी आई तहानेनं तडफडू शकते, हे कळलं आणि मला खरी भीती वाटली.

थोड्या वेळानं तिनंच विचारलं, "ताई, अजून काय काय म्हणतेत त्यांच्यात? सांगून ठेवा मला." त्या एका प्रश्नावर मी आईला तिथं ठेवायचं ठरवलं. नीळ्ळू म्हणजे पाणी, अन्नम म्हणजे भात, नोप्पी म्हणजे दुखतंय. तिनं तिथल्या तिथं पाठ केलं.

आईला ठेवल्यानंतरच्या रविवारी गेले. वाटेत अहमदपूर मागं पडलं तरी मनात एकच, तिला पाणी मिळत असेल ना. खोलीत शिरल्यावर आधी आईचे ओठ पाहिले. ओले होते. पाठीची जखमही सुकायला लागली होती. माझ्या जिवात जीव आला.

"नीळ्ळू म्हटलं की पाणी, नोप्पी म्हटलं की कूस," मावशी खुशीत सांगत होती. "एक शब्द मात्र तुम्ही सांगितलाच न्हाई ताई. सकाळपासून इंटिकी, इंटिकी करून राहिल्यात. ते काय असतं?"

आई माझ्याकडंच बघत होती.

"घरी," मी म्हणाले. "मला घरी ने, असं."

मावशीनं हातातला तांब्या खाली ठेवला. "मग त्याला काय देऊ?"