डिकीतली पिशवी

मंगळवार पेठेतल्या, ब्लाउज शिवणाऱ्या आमच्या मावशी मापं ओरडून सांगतात. "छाती छत्तीस!" रस्त्यावरच्या माणसालाही ऐकू जातं. मी दर वेळी मान खाली घालते. टेप मात्र त्या इतक्या हलक्या हातानं लावतात, की अंगाला कळत नाही.

स्तनांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला पैसे जमवायची दौड होती. तिचा गुलाबी टी-शर्ट मी त्यांच्याकडे फिटिंगला नेला.

"कशाची दौड वो, वैनी?"

"बायकांच्या आजाराची," मी पुटपुटले.

"छातीच्या कॅन्सरची म्हणा की! माझी डावी त्यातच गेली. आता हितं कापूस हाय." त्यांनी स्वतःच्या ब्लाउजवर थाप मारली.

टी-शर्टाबरोबर त्यांनी एक पिशवी दिली. आत मऊ सुती कापडात कापूस भरून शिवलेल्या, ब्लाउजात आतून बसवायच्या बारा छोट्या गाद्या. "ऑपरेशन झालेल्या बायका येतील. त्यास्नी वाटा."

चारचौघांत असलं कसं काढायचं? पिशवी स्कूटीच्या डिकीतच राहिली. पाठीवर 'न लाजता बोला' छापलेला टी-शर्ट घालून मी पळाले, फोटोही काढले.

सोमवारी मावशींनी विचारलं, "आवडल्या का त्यास्नी?"

"खूप," मी म्हणाले.

त्यांनी गिऱ्हाइकाचा ब्लाउज बाजूला सारला आणि कापसाचं बोचकं पुढं ओढलं. "मग आणिक शिवते की!"

पिशवी अजून त्यांच्या दारात लावलेल्या माझ्या स्कूटीतच होती.