आगीचा डबा

आमचे डोंबिवलीचे शेजारी आंबिवलीच्या एका कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायचे. दर शनिवारी, तिथे काही झालं तर हाताशी असावी म्हणून, तिथली सगळी माहिती फ्लॉपींवर उतरवून बिस्किटांच्या डब्यातून आणायचे आणि माझ्याकडे ठेवायला द्यायचे, कारण त्यांच्या घराला दिवसभर कुलूप. मग मध्येच कधीतरी दार वाजायचं.

“वहिनी, कारखान्याला आग लागलीय, डबा द्या!”

मी कणकेच्या हातांनी धावायचे. ते घड्याळ बघायचे. “दीड मिनिट? फार झालं हो!” आणि डबा परत द्यायचे. हायसं वाटून घ्यावं की रागवावं, मला कधीच कळलं नाही.

एका दुपारी ते हळूच म्हणाले, “वहिनी, डबा.”

मी डबा दिला आणि सवयीने विचारलं, “आज किती वेळ लागला?” तेवढ्यात त्यांच्या शर्टाचा जळका वास आला. त्यांनी घड्याळ बघितलंच नाही.