बाबांचा बारावा चाकू

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांचा बारावा चाकू जपानहून निघाला होता. रेल्वेतून निवृत्त झाल्यावर त्यांना लागलेला हा एकच नाद. बोटभर पात्याचे, मिटून खिशात मावणारे चाकू परदेशातून मागवायचे, तेल लावून पुसायचे आणि परत डब्यात ठेवायचे. त्यांनी साधं सफरचंदही कधी कापलं नाही. हिंदी मुलखातल्या तात्यापारा या मराठी वस्तीतल्या आमच्या घरात चाकू कुणाच्या हातात द्यायचा नाही, भांडण होतं, असा बाबांचा नियम. एकानं खाली ठेवायचा, दुसऱ्यानं उचलायचा.

पार्सल कस्टममध्ये अडकलं. वस्तू कशासाठी मागवली ते कळवा, असं पत्र आलं. उजवी बाजू गेलेली, जीभ जड झालेली, तरी बाबा म्हणाले, "एकच ओळ लिहिजो. फळं कापाले. बाकी काही नको लिहू." आधीचे अकरा याच ओळीवर सुटले होते.

मी सरकारी कार्यालयात पत्रांचे मसुदे करते. मला ती ओळ खोटी वाटली, जरा ओशाळवाणीही. मी दोन पानी उत्तर पाठवलं. वडील संग्राहक आहेत असं लिहिलं आणि पुरावा म्हणून अकराही चाकू चादरीवर मांडून फोटो जोडला. नसता शहाणपणा. फोटो पाहून कस्टमवाल्यांना तो विकायचा माल वाटला, त्यांनी विक्रीचा परवाना मागितला. तो कुठून आणणार? आणखी दोन पत्रं लिहिली. मग एका दुपारी मोबाइलवर दिसलं, पार्सल परत जपानला गेलं. मी फोन पालथा ठेवला आणि पुढची फाइल उघडली. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. आत सगळं बधिर होतं.

घरी बाबा रोज विचारत, "आला काय वं?"

"येऊन राहिला," मी म्हणायची.

त्यांचं बोलणं कमी होत गेलं. पुढे पुढे "आला?" एवढंच उरलं.

शेवटी मी गोल बाजारात गेले आणि भांड्यांच्या दुकानात मिटणारा चाकू मागितला. दुकानदारानं विचारलं, "फल काटने के लिए, दीदी?" मी हो म्हटलं. ते म्हणताना काहीच जड गेलं नाही.

पातं उघडून मी चाकू पलंगावर, बाबांच्या डाव्या हाताजवळ ठेवला. त्यांची बोटं चादरीवरून सरकत तिथवर पोचायला खूप वेळ लागला. मी मदत केली नाही, नियम त्यांचाच होता. त्यांनी चाकू उचलला, डोळ्यांपुढे धरला. पात्यावर दुकानाचा हिंदीतला शिक्का ठसठशीत होता. तो खरवडून काढायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

बाबांनी शिक्का वाचला. मग माझ्याकडे पाहिलं.

"सुटला," ते म्हणाले, आणि मला दिसू नये म्हणून शिक्क्यावर अंगठा ठेवून पडून राहिले.