मावशींना न आठवलेलं नाव

घरी पहिल्यांदाच कुणी आलं, की पाण्याचा पेला पुढे करता करता तुम्ही त्याला काय विचारता? खरं सांगा. "पूर्ण नाव काय?" हेच ना? आणि आडनावावरून नीट उलगडा झाला नाही, तर, "मूळचे कुठले तुम्ही?"

नाश्तामावशी हे विचारत नसत. कुणी आपण होऊन सांगायला लागलं, तरी हातातला झारा वर करून त्याला मध्येच थांबवत. "आडनाव पासपोर्टात राहू दे. नाव सांग. आणि पोहे की टोस्ट, ते सांग."

२००६ मध्ये मी संशोधनासाठी सिंगापूरला गेले. क्लेमेंटीतली खोली रिकामी व्हायला अवकाश होता, म्हणून बालेस्टियर रोडमागच्या त्यांच्या घरी उतरले. घर व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं. पडायला आलेलं ते घर एका चिनी डॉक्टरांनी विकत घेतलं, लाकडी जिना, झडपांच्या खिडक्या, फुलाफुलांच्या फरश्या सगळं पूर्वीसारखं करून घेतलं आणि वर पाहुण्यांच्या खोल्या, खाली नाश्ता असा कारभार मावशींवर सोपवला. मावशी पुण्याच्या. नवरा हार्बरफ्रंटला जहाज कंपनीत होता. तो गेल्यावर त्या इथेच राहिल्या. मी वडिलांच्या चळवळीच्या पुस्तिकांच्या स्टॉलवर वाढलेली. राणीचं नाव ऐकूनच माझं डोकं फिरलं.

"मावशी, हे घर कुणाच्या घामावर उभं राहिलंय, माहितेय?"

"माहितेय की. आणि आता माझ्या घामावर पुसलं जातं. पाय पुसून आत ये."

परक्या भाषेतही त्यांना मराठीच ऐकू यायची. नवीन असताना त्यांना एक टॅक्सीवाला काका रोज "मकान?" विचारायचा, म्हणजे मलय भाषेत जेवलात का. "आणि मी बावळट," त्या सांगायच्या, "रोज त्याला घराचा पत्ता सांगायचे. त्याला वाटलं असेल, ही बाई मला जेवायला बोलावते की काय!" मग हसणं थांबवून म्हणायच्या, "बघ, या लोकांचा पहिला प्रश्न पोटाचा असतो."

तिसऱ्या का चौथ्या सकाळी आमचं वाजलं. नाश्त्याच्या टेबलावर पुण्याचे एक आयटीतले मॅनेजर होते. मी सुजाता म्हटल्यावर त्यांनी गोड आवाजात विचारलं, "सुजाता...?" पुढची जागा मी भरायची होती. मावशींचा झारा वर गेला. मी उभी राहिले.

"बनसोडे," मी म्हणाले. "सुजाता बनसोडे. मावशी, तुम्ही मला झाकू नका. माझं आडनाव म्हणजे काही फाटलेला सदरा नाही. विचारणाऱ्याला काय मोजायचंय ते मोजू दे. लाज त्याला वाटायला हवी."

मॅनेजरसाहेब म्हणाले, "अहो, मी सहज विचारलं."

"सहजच विचारतात सगळे," मावशी म्हणाल्या. हे त्या माझ्याकडे किंवा त्यांच्याकडे बघून बोलल्या नाहीत. त्या एका रिकाम्या खुर्चीकडे बघत होत्या.

साहेब ऑफिसला गेल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं. थालीपीठ थापता थापता सांगितलं. त्यांची मुलगी मृणाल याच टेबलावर एका मुलाला घेऊन आली होती. विद्यापीठात तिच्याबरोबर शिकणारा, आपल्याकडचाच. त्याने पूर्ण नाव सांगितलं. मावशींनी हसून पोहे वाढले आणि विचारलं, "गावात घर कुठेशी तुमचं?"

"काय म्हणाला तो?"

"म्हणाला, काकू, तुम्हाला जे कळायला हवंय ते सरळ सांगतो. आमचं घर गावाबाहेर आहे." थालीपीठाला पाडायची भोकं त्या पाडतच राहिल्या, त्याची चाळणी झाली. "मृणालने ताटली बाजूला सारली. मला म्हणाली, ‘आई, यू ऑल्सो, लाह?’ एवढंच. दोघं गेले. पुढे लग्न केलं, देश सोडला. फोन नाही, काही नाही."

मी भडकलेलीच होते. विचारलं, "त्याचं नाव काय?"

"तेच तर, सुजाता." त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. "आडनाव ऐकलं आणि पहिलं नाव कानात शिरलंच नाही. ते पाठ आहे मला, आडनाव. नातेवाइकांना विचारलं, त्यांनाही आडनावच पाठ. माझ्या जावयाचं नाव आमच्या अख्ख्या कुळात कुणाला माहीत नाही."

पाहुण्यांची नावं त्या एवढा कान देऊन का ऐकायच्या, ते मला तेव्हा कळलं.

मी त्यांना सूट दिली नाही. नुसतं पहिलं नाव विचारून तुमची सुटका होत नाही, असं तोंडावर सांगितलं. त्या वादात पडल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी भरल्या टेबलासमोर म्हणाल्या, "या आमच्या सुजाता बनसोडे. आज थालीपीठ पहिलं त्यांना." आडनाव स्वच्छ उच्चारलं.

क्लेमेंटीला राहायला गेल्यावरही मी रविवारी बस धरून त्यांच्याकडे जायचे. कांदा चिरता चिरता आमचा एकच उद्योग चाले. मी नावं सुचवायची.

"राहुल?"

"नाही गं."

"मिलिंद?"

"लहान होतं. दोन अक्षरी असावं."

"अजय? विजय?"

"ही तर तीन झाली की! तुला पीएचडीला घेतलं कुणी?"

नाव सापडलं की मृणालला कुठूनही शोधून काढायचं आणि पहिल्याच वाक्यात त्याचं नाव घेऊन विचारायचं, "तो कसा आहे?" एवढंच त्यांनी ठरवलं होतं. नावाशिवाय फोन करायला त्या तयार नव्हत्या. मी म्हणायचे, मावशी, आधी मुलगी शोधा. त्या म्हणायच्या, "आणि काय विचारू? तुझे ते कसे आहेत? ते? पुन्हा ‘ते’?"

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. हॉस्पिटलमध्ये त्या माझ्या मनगटावर बोट ठेवून पडून असायच्या. एका सकाळी मी गेले, तर चेहरा उजळलेला.

"आठवलं होतं गं मला. पहाटे. अगदी स्वच्छ. नर्सला सांगितलंसुद्धा."

मी धावत जाऊन नर्सला गाठलं. ती बिचारी म्हणाली, "आंटी पुष्कळ बोलत होत्या, पण त्यांच्या भाषेत." मी परत येईपर्यंत मावशींच्या मनातूनही ते गेलं होतं. त्या रडल्या नाहीत. ओठ हलवून एकेक अक्षर लावून बघत राहिल्या, दुपारपर्यंत. त्यानंतर त्या बोलल्या नाहीत.

इथल्या स्मशानभूमीला मंडाई म्हणतात. पुण्याच्या बाईला मंडाईत नेलं. त्या असत्या तर यावरही काहीतरी बोलल्या असत्या. डॉक्टर होते, मी होते. मुलीच्या जागी कोण, असं तिथल्या माणसाने विचारलं. आम्ही दोघंही पुढे झालो नाही.

म्हणून हे लिहिते आहे. मृणाल तिशीची असेल. सिंगापुरात शिकलेली, मराठी बोलता बोलता शेवटी "लाह" लावणारी. ऑस्ट्रेलियात असेल, नाशिकला असेल, तुमच्याच जिन्यात राहत असेल. भेटली तर आई गेल्याचं तिला सांगा. आईच्या वतीने माफी मागू नका, तो हक्क तुम्हाला नाही आणि मलाही नाही. मग तिच्या नवऱ्याकडे वळा आणि त्याला त्याचं नाव विचारा. तो पूर्ण नाव सांगेल. ते शेवटपर्यंत ऐका, चेहरा बदलू न देता.